वकिलाचा उजवा खांदा

तबेल्यातली माणसं तिला मणकेबाई म्हणत. तोंडावर म्हणत, माघारीही म्हणत, आणि तिला त्यात काही गैर वाटत नसे. घोड्यांच्या आणि कुत्र्यांच्या आखडलेल्या पाठी हातांनी मोकळ्या करणं हेच तिचं काम होतं. त्यासाठी ती दूर जाऊन रीतसर शिकून आली होती, पण त्या शिक्षणाचं नाव एवढं लांबलचक की ते उच्चारेपर्यंत घोडा दाराबाहेर गेलेला असायचा. मणकेबाई म्हटलं की भागायचं. घरी नवऱ्याची तऱ्हा वेगळी. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात तिने त्याला मिठी मारली आणि कानाशी हळूच म्हणाली, "तुझी मान डावीकडे अडकलीय." तेव्हापासून तो बिचारा आधी विचारून घ्यायचा, "बायको म्हणून येतेस की मणकेबाई म्हणून?"

काम करताना ती डोळे मिटायची. सावकाश नावाचा एक म्हातारा तांबडा घोडा होता. खाणं, चालणं, रागावणं, सगळं सावकाश, म्हणून ते नाव. दुपारी तबेला पेंगायला लागला की ती त्याच्या शेजारी लाकडी खोक्यावर चढायची आणि दोन्ही तळहात त्याच्या पाठीवर ठेवून नुसती उभी राहायची. बराच वेळ काहीच घडत नसे. घोड्याचा श्वास लांब जायचा, लांबून परत यायचा. हळूहळू तिचाही तसाच व्हायचा. बादल्यांचे आवाज, छपरावरची कबुतरं, कोणाचं तरी खोकणं, सगळं मागे मागे सरकत जायचं आणि बोटं पाठीच्या कण्यावरून चालू लागायची. तिला तो कणा संध्याकाळच्या गल्लीसारखा वाटे. प्रत्येक मणका एक घर. ती एकेका दारावर टकटक करत पुढे जायची आणि आतून कोणी ना कोणी ओ द्यायचं. एखाद्या घरातून ओ येत नसे. तिथे ती थांबायची, घोड्याने श्वास सोडायची वाट बघायची, आणि तळहाताच्या टाचेने एक लहानसा, झटक्यातला धक्का द्यायची. संपलं. बघायला जमलेल्यांना फसवल्यासारखं वाटे.

मग घोडा विचार करायचा. त्याचा खालचा ओठ सैल पडायचा, तोंडात काही नसताना तो चघळू लागायचा आणि शेवटी असली जांभई द्यायचा की दाढा मोजून घ्याव्यात. त्याचं बघून तिलाही जांभई यायची. मोतद्दाराने कितीदा तरी त्या दोघांना झोपलेलं पाहिलं होतं. घोडा उभा, ती खोक्यावर, आणि तिचा गाल त्याच्या पाठीवर. डॉक्टरीणबाई, म्हणजे तबेल्याच्या जनावरांच्या डॉक्टर, हसून म्हणायच्या, "उपचार नक्की कोणावर चाललाय?" त्यांनी आधी तपासून 'हाड शाबूत आहे, आता तू बघ' असं म्हटल्याशिवाय मणकेबाई कुठल्याही जनावराला हात लावत नसे. एवढ्या बाबतीत ती फार कडक होती.

हात तिला वडिलांकडून आले होते. बाबा नालबंद. उभं आयुष्य त्यांनी घोड्यांच्या खुरांना नाल ठोकण्यात घालवलं, आणि हातोडा खाली ठेवल्यावरही नालबंदीच्या जुन्या शेडवरची खोली काही सोडली नाही. लहानपणी ती ऐरणीशेजारी पाय हलवत बसलेली असायची. बाबा वाकून घोड्याचा पाय मांडीवर घ्यायचे, आणि घोडा तरी काय कमी लबाड, तो अर्धं अंग बाबांवर टाकून खुशाल डुलक्या काढायचा. बाबांच्या मानेच्या शिरा टरारून फुगायच्या.

"जड नाही का होत, बाबा?" तिने एकदा विचारलं.

"होतं की," बाबा दातांत खिळे धरून म्हणाले. "पण त्याला कळू द्यायचं नाही. कळलं की तो घाबरून पाय काढून घेतो."

दुसरी एक गोष्ट त्यांनी तिला शिकवली. "पाय बघ, पोरी. पाठ बघ. घोडा घेऊन आलेल्या माणसाकडे बघू नकोस. माणूस हजार गोष्टी सांगतो. ऐकत बसलीस तर घोडं कुठे पेंड खातंय ते जन्मात कळणार नाही." तिने ती काळ्या दगडावरची रेघ मानली. दोरीच्या एका टोकाला जनावर असलं की दुसऱ्या टोकाला कोण आहे हे तिला दिसायचंच नाही. अख्ख्या गावातली कुत्री ती पाठीवरून ओळखायची, आणि त्यांचे मालक बाजारात समोरून आले तर सरळ पुढे निघून जायची. 'किती चढलीय बघा' असं लोक म्हणत. खरं तर कुत्रं बरोबर आणलं असतं तर ती तासभर बोलत उभी राहिली असती.

आई गेल्यावर बाबांनी कुत्रा पाळला. पिल्लू आलं ते पोस्टमनशी, वाऱ्याशी आणि स्वतःच्या शेपटीशी हुज्जत घालतच आलं, म्हणून त्याचं नाव वकील. वकील वाढून चांगला दांडगा झाला, बाबांच्या मांडीला लागेल एवढा. शेडसमोरच्या बेकरीवाल्या मावशी दोघांना रोज सकाळी फिरायला जाताना बघायच्या. "काय प्रेम आहे हो दोघांचं," त्या म्हणायच्या. "अगदी खेटून चालतात. नवीन लग्न झालेलं जोडपं चालणार नाही असं."

मणकेबाई दर रविवारी बाबांकडे जायची. खालून शीळ घालायची, मग खिडकीतून जुन्या मोज्यात घातलेली किल्ली खाली पडायची. पूर्वी बाबा स्वतः खाली येऊन दार उघडत. आताशा मोजा. वयाने माणसाला थोडा आळस करायचा हक्क मिळतो असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं. वर गेली की बाबा खिडकीपाशी खुर्चीत, टेबलावर झाकून ठेवलेला चहा, आणि खुर्चीच्या डाव्या अंगाला वकील. नेहमी हेच चित्र. ते तिला इतकं आवडायचं की तिने ते कधी नीट पाहिलंच नाही.

त्या हिवाळ्यात वकील वाकडा होऊ लागला. उजवा खांदा लाकडासारखा टणक, मान उजवीकडे वळलेली, थोडी वर उचललेली, जणू कोणी त्याला सारखी हाक मारतंय. जिन्यापाशी तो थबकायचा. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून बघितले, हाडात काही नव्हतं. मणकेबाईने डोळे मिटले, गल्लीतून चालत गेली, ओ न देणारी घरं शोधली, आणि वकील मोठ्ठी जांभई देऊन तिच्या पायावर झोपला. झालं काम, ती म्हणाली. पुढच्या रविवारी खांदा पुन्हा लाकूड. त्याच्या पुढच्याही. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, पण ते शेपटाबद्दल. खांद्याबद्दल असं कोणी म्हटलेलं नव्हतं.

ती मनातून घाबरली. हात गेला की काय आपला? शिकत असताना करायची तो सराव तिने पुन्हा सुरू केला: टेबलावर एक केस ठेवायचा, वर कागद, त्यावर आणखी कागद, आणि डोळे मिटून बोटाने तो केस शोधायचा. दर वेळी सापडायचा. सावकाश तिच्या हाताखाली पूर्वीसारखाच विरघळायचा. मग घरच्याच कुत्र्याने काय घोडं मारलं होतं?

तिचा संशय पट्ट्यावर गेला. बाबांनी खोगिराच्या जुन्या कातड्याचा एक रुंद पट्टा वकिलासाठी स्वतः शिवला होता, छातीवरून आणि पाठीवरून जाणारा, वर धरायला भक्कम मूठ.

"हे कशाला, बाबा?"

"दांडगा आहे तो. आवरावा लागतो."

तिने पट्टा उलटापालटा करून बघितला. खाली वकिलाची कातडी कुठे घासलेली नव्हती, शिवण तर बघत राहावी अशी. मूठ तेवढी काळी पडून चकाकत होती. ज्या हाताने ती चकाकली तो हात समोरच खुर्चीच्या दांडीवर होता. पण हात माणसाचा होता, आणि माणसाकडे बघायचं नाही हे तर ठरलेलं.

"त्याला आता पूर्ण विश्रांती दे," डॉक्टरीणबाई एक दिवस म्हणाल्या. "जिना नको, पट्टा नको, ओढाताण नको. काही आठवडे तुझ्याकडे ठेव. असंच चालू राहिलं तर हा खांदा कायमचा जाईल, मग माझ्याकडे काही नाही आणि तुझ्याकडेही नाही."

तिने बाबांना सांगितलं. "तो इथेच बरा आहे," ते म्हणाले.

"बाबा, लंगडा होईल तो."

त्यांनी वकिलाकडे पाहिलं. या माणसाने कधी लंगड्या घोड्याला घाई केली नव्हती, घाईतल्या मालकांना मात्र हातोडा दाखवला होता. वकिलाने मान उजवीकडे वळवून त्यांच्याकडे वर पाहिलं.

"ने," बाबा म्हणाले. आणि ताकास तूर लागू दिली नाही. निरोपाला खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. रुसलेत, असं तिला वाटलं. म्हाताऱ्या माणसांचे रुसवे चार दिवसांनी जातात, असंही वाटलं.

तिच्या घरी वकील दिवसेंदिवस खुलत गेला. बैठं घर, मऊ गोधडी, उन्हाचा तुकडा अंगणात सरकेल तसं मागे मागे सरकत झोपणं. खांदा लोण्यासारखा झाला आणि तसाच राहिला. मान सरळ. नवऱ्याशी त्याने पायमोज्यांवरून एक मोठा खटला लढवला आणि जिंकलाही. मणकेबाईला आनंद मावेना. हात शाबूत आहे, आपलाच हात आहे, म्हणत तिने स्वतःची पाठ थोपटून घेतली आणि, वकिलापायी रविवारची फेरी राहून जात होती म्हणून, बाबांना फोन केला.

"बाबा, सरळ झाला बघा वकील!"

"छान, छान."

"तुम्ही जाता ना फिरायला?"

"जातो की."

मग एका सकाळी नदीकाठी धुकं पडलं. इतकं दाट की नदी नुसती ऐकू येत होती आणि झाडं जवळ गेल्यावरच झाडं व्हायची. वकील पुढे मोकळा पळत होता, मध्येच धुक्यात विरघळत होता, मध्येच शेपटीपासून परत तयार होत होता. तिलाही अर्धवट झोपेत चालल्यासारखं वाटत होतं, पाय कुठे पडतोय याचं भान नव्हतं. ओल्या मातीवरून तिचा पाय सटकला. पडली नाही, नुसती तोल सावरत उभी राहिली.

वकील धावत परत आला. तिच्या डाव्या बाजूला आला, उजवा खांदा तिच्या गुडघ्याच्या वर घट्ट टेकवला आणि थांबला. मान उजवीकडे वळवून तिच्या तोंडाकडे वर बघत राहिला. मग एक पाऊल टाकलं. थांबला. अंगाचा भार तिच्याकडे दिला. पुन्हा एक पाऊल.

तिने सवयीने डोळे मिटले. डावा हात खाली गेला, जिथे पट्ट्याची मूठ असती तिथे टेकला. आणि धुक्यात उभ्या उभ्या तिची बोटं वाचू लागली. आजवर जनावराच्या पाठीत तिला जनावरच सापडलं होतं. आज वकिलाच्या पाठीत एक माणूस सापडला. उंच, अंगाने जड. डावा पाय ओढत चालणारा. वळणावर घाबरणारा. आपला सगळा भार तळहातातून खाली सोडणारा. त्या तळहाताची रुंदी तिला ठाऊक होती. लहानपणी त्याच तळहातावर उभी राहून ती घोड्यावर चढली होती.

"आई गं," ती मोठ्याने म्हणाली.

वकील आजारी नव्हताच. वकील काठी होता. दर रविवारी ती त्याचा खांदा मोकळा करायची आणि सोमवारी सकाळी तो तोच खांदा बाबांच्या खाली नेऊन लावायचा. आणि आता तिने ती काठीही काढून घरी आणून ठेवली होती, वर हातावर खूश होऊन फोन केला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती धावत सुटली, वकील शेजारून.

बेकरीवाल्या मावशी पायरी झाडत होत्या.

"मावशी, बाबा खाली उतरतात का?"

"छे गं, वकील गेल्यापासून दिसलेच नाहीत. पाव घ्यायला वरून टोपली सोडतात दोरीने."

"मला कळवायचं ना!"

"मला वाटलं, कुत्र्याशिवाय करमत नसेल त्यांना." मावशींचा झाडू थांबला. "का गं? काय झालं?"

तिने शीळ घातली. ओठ कोरडे पडले होते, दुसऱ्या खेपेला जमली. "थांब," वरून आवाज आला, "किल्ली टाकतो." आणि मग फरशीवरून खुर्ची सरकल्याचा आवाज. थोडा वेळ काही नाही. पुन्हा खुर्ची. पुन्हा काही नाही. किती रविवार ती इथे या दाराशी उभी राहून चपलेने खडे उडवत आली होती. आज ती प्रत्येक सरकण्याबरोबर मनात म्हणत होती, सावकाश, बाबा, सावकाश. शेवटी मोजा पडला.

वर बाबा खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. चित्र तेच. फक्त पलंगापासून खिडकीपर्यंत फरशीवर ताजे ओरखडे होते, आणि बाबांनी बाही खाली ओढून घेतली तरी कोपराची हिरवी-निळी सूज दिसायची ती दिसलीच.

"वकिलाला पळवत आणलंस," ते म्हणाले. "खांदा आता कुठे बरा होतोय त्याचा."

"बाबा, चालून दाखवा."

"काय?"

"दारापर्यंत जायचं आणि परत यायचं. मी बघते."

"मी काय घोडा आहे?"

"घोडा असता तर मला केव्हाच कळलं असतं!" ती ओरडली, आणि ओरडता ओरडता रडायला लागली. रागाने रडत होती की भीतीने, ते तिचं तिला कळेना. बाबांवर राग होता, स्वतःवर त्याहून जास्त होता.

हळूहळू बाबांच्या गालावर हसू आलं, डोळ्यांत मात्र पाणी होतं. "उन्हाळ्यापासून," ते म्हणाले. "डावा पाय ऐकत नाही. सांगितलं असतं तर तू मला इथून उचलून नेलं असतंस. शेडला कुलूप."

"काठी तरी घ्यायची होती."

"काठी घेतली की लोक काळजी करतात. कुत्रा घेतला की कौतुक करतात."

"आणि वकिलाचा खांदा?"

"तो मला दिसत होता, पोरी. म्हणून तर ने म्हटलं."

"पडलात ना तुम्ही?"

"पडलो कसला? जरा घाईने बसलो."

तिला हसू फुटलं. तिने पदराने नाक पुसलं. "उठा. डॉक्टरांकडे जायचंय आत्ता. माणसांच्या. शेडचं नंतर बघू. मी काही कुलूप लावत नाही, हवं तर तुमच्यासाठी खाली शेडमध्येच पलंग टाकू, ऐरणीशेजारी. पण आधी उठा."

बाबा दोन्ही दांड्यांवर जोर देऊन उठले. वकील लगबगीने त्यांच्या डाव्या अंगाला आला आणि खांदा लावायला लागला.

"वकील, नाही," ती म्हणाली. "बाजूला हो. आज तुझी सुट्टी."

वकिलाने थोडा युक्तिवाद केला, मग सरकला. ती बाबांच्या डावीकडे जाऊन उभी राहिली आणि स्वतःचा खांदा त्यांच्या काखेखाली दिला. आधी ते अवघडले. मग डावा पाय डगमगला आणि त्यांचा भार आला, सगळाच्या सगळा. तिचे गुडघे वाकले. एवढं ओझं त्या मुक्या जिवाने रोज वाहिलं होतं. तिने डोळे उघडे ठेवले होते. इतक्या जवळून तिने बाबांचा चेहरा कितीतरी वर्षांत पाहिला नव्हता.

एक पाऊल. थांबायचं. पुन्हा एक पाऊल. जिन्याच्या तोंडाशी ते थांबले, आणि बाबांनी तिच्या मानेकडे पाहिलं. तिथल्या शिरा फुगल्या होत्या.

"जड होतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"छे," ती म्हणाली. "अजिबात नाही."